शुगर उतरेना

—या, या, दिनकरराव, चोरासारखे दारात काय उभे राहिलात? डबा पिशवीतच राहू द्या, सिस्टर बघतेय. शिरा ना? वासावरून कळलं, अख्ख्या वॉर्डाला कळलं असेल. माझ्या अंगठ्यासाठी तिकडे महानगर मोहल्ल्यात मराठी मंडळाने सत्यनारायण घातला, धन्य आहे तुमची. पायाचा अंगठा काळा पडलेल्या डायबेटिसवाल्याला साजूक तुपातला शिरा — आणि तो प्रसाद, म्हणजे नाही म्हणायची सोय नाही. मी म्हणालो का कधी नाही? मागे चारुलतावहिनींनी आणला, त्याआधी सुरेखाबाईंनी, निमूटपणे खाल्ला. सकाळी शुगर आभाळाला भिडलेली. भूल देणारे डॉक्टर म्हणणार, एवढ्या शुगरवर जखम भरायची नाही, पू होईल, ऑपरेशन पुढे ढकला, इन्सुलिन वाढवा. ते इन्सुलिन वाढवतात, तुम्ही प्रसाद वाढवता. देवमाणसं हो तुम्ही.

काय? उशीखाली? — तो पेढा. तोही प्रसादच — बरं, नाही. खाली हलवाई आहे, त्याचा. मीच आणवला, झालं समाधान? असे बघू नका. जन्म रेल्वेत काढला, गाडी थांबवायची तर लाल झेंडी दाखवायची, एवढंच मला कळतं. मी शुगर दाखवली. गाडी थांबली. दोन-तीनदा छान थांबली.

श्रुती म्हणायची, "पापा, अंगूठा ही तो है।" इथेच वाढलेली मुलगी, मराठी कळतं पण उत्तर हिंदीतच. अंगठाच होता, हो. आज सकाळी डॉक्टरांनी पट्टी सोडली, पोटरीपर्यंत दाबून पाहिलं आणि म्हणाले, अब घुटने के नीचे से काटना पड़ेगा. थांबत थांबत तिथवर आलं बघा. आणि आता ते थांबणारही नाहीत — शुगर कितीही असो, सलाइनबरोबर थेंब थेंब इन्सुलिन सोडणार, घडोघडी बोट टोचून बघणार, आणि उद्या नेणार. तुमच्या मंडळाचा अख्खा टोप खाल्ला तरी उपयोग नाही. हसा की, मी विनोद करतोय — नाही, भीती वाटते हो. अंगठ्याच्या वेळी वाटत होती तेव्हाच कुणाला तरी बोललो असतो तर — जाऊ द्या.

सही करून दिली मी. श्रुतीला अजून सांगितलेलं नाही. ती अमीनाबादच्या बाजारात गेलीय, ऑपरेशननंतर घालायला मऊ चपलांचा जोड आणायला. येईलच एवढ्यात. तुम्ही निघा आता.