नातीच्या काट्यावर माझं रक्त

...अन् तीन नळ्या भरून घेतल्यावर नात म्हन्ते, "आबाजी, हे चालत नाही!" काहून चालत नाही? या भावसिंगचं रक्त हाये, तुमाले सांगतो, पानी घातलेलं दूध नाही!

माझी नात शीला पुण्यात मशीनवर काम करून राह्यली. मशीन काय, काटाच तो! रक्तातल्या प्रोटीनचे बारीक तुकडे करते अन् एकेकाचं वजन घेते. कायले? तर तिचा भाऊ प्रेम, त्याले सातव्या वर्षी शुगर झाली. लेकरायची, सुईवाली. तो घटाघटा पानी पेत होता अन् मी ओरडत होतो, "अख्खा रांजन पेतं का बे?" चार दिवसांनी पोट्टा बेसुद... आता त्याची बहीन संगीता चार वर्षांची. तिनं दुसऱ्यांदा पानी मागतलं की मी घोट मोजत बसतो. ही बिमारी येन्याच्या आधी रक्तात काय बदलते, ते शीलाले हुडकाचं हाये. त्यासाठी बिमारायचं रक्त पाहिजे, तसं चांगल्या मानसायचंही. आता घरात चांगलं कोन? भावसिंगच!

दारव्ह्याच्या बाजारात कापूस नेतो, तवा कचरा वेचूनच नेतो ना? मग काट्यावर रक्त तसंच कसं ठेवाचं? पंधरा दिवस तमाखू बंद, सकाळी गुळवेलीचा काढा, संध्याकाळी कारल्याचा रस. आमची म्हातारी सुखीबाई म्हने, "काय, पुन्हा नवरदेव व्हाचं हाये का?"

शीलानं घरी येऊन सुई टोचली, मी हूं का चूं केलं नाही. डोळे मिटले ते वेगळं. दिवसातून चारदा टोचून घेनारा प्रेम बाजूले बसून म्हन्ते, "आबाजी, झालं, उघडा आता!"

मग मी ऐटीत काढ्याचं सांगतलं. शीलानं कपाळाले हात लावला. "आबाजी, मले नटवलेलं रक्त नाही पाहिजे, रोजचं पाहिजे! औषध घेऊ नका म्हनलं होतं ना?"

काढा कधीपासून औषध झाला, तुमीच सांगा!

रद्द! भावसिंगचं रक्त, अन् रद्द! पुढच्या महिन्यात पुन्हा टोचनार. मी म्हनलं, "टोच. पन आपल्या संगीताचं कधी सांगशीन?"

संगीता माझ्या मांडीवर बसून, माझ्या हातावरचा कापूस दोन्ही अंगठ्यांनी दाबून राह्यली होती. शीला हळूच म्हने, "अजून लय लोकायचं रक्त तपासाचं हाये, आबाजी. आठ-दहा वर्षं लागतीन. तुमी पाह्यसान ना?"

आठ-दहा वर्षं! मी अठ्ठ्याहत्तरचा!

घ्या... म्हंजे आता मराचंही पुढं ढकललं.