संत्र्यांचा डोको

बा गेले त्याच्या आदल्या दिवशी मी त्यांना दम्याच्या औषधासाठी नेपाळातल्या तानसेन गावाजवळच्या आरोग्य चौकीत नेलं होतं. बाकावर शेजारी एक जोडपं कुजबुजत होतं.

"नसबंदीनंतर आठवडाभर ओझं नको, असं शिबिरातले डॉक्टर म्हणाले होते ना?"

"रिकाम्या पाठीने बाजारात उतरलो असतो तर गावाला कळलं असतं."

"म्हणून संत्र्यांनी भरलेला डोको, एवढी मोठी टोपली, पाठीवर घेतलात! आता फेंगडं चालताना सगळ्यांना दिसतंय."

"हळू बोल. सूज उतरेल ना गं? की जन्माचं दुखणं?"

"रक्त साकळलं असेल. आत लाजू नका, सगळं सांगा."

"आणि एवढं सोसून पुन्हा दिवस गेले तर?"

"तपासून सांगेपर्यंत जपायचं, हेही ते म्हणाले होते. मला आणखी बाळंतपण झेपायचं नाही."

"म्हणून तर केली."

बा त्याच्याकडे वळले.

"भाइ, माझ्या नसबंदीनंतर मीही जळणाचा भारा उचलला होता. सूज महिनाभर राहिली, पण उतरली."

"मुलगे किती, दाइ?" थोरल्या भावाला विचारावं तसं त्याने विचारलं.

"एकही नाही. तीन मुली."

"पस्तावलात?"

"ही धाकटी," माझ्या खांद्यावर हात ठेवून बा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नदीकाठी चितेला अग्नी मीच दिला. मग मोठ्याने म्हणाले, "बा, मुलग्यासाठी न अडता तुम्ही माझ्यावरच थांबलात, म्हणून आई वाचली, मला मिळाली."