वायसरच्या डब्यातल्या गोळ्या

काकू : तुम्हीच विचारा सिस्टर. माझ्यापुढे तोंडाला कुलूप!

काका : काही झालेलं नाही. हिला राईचा पर्वत करायची सवयच आहे.

काकू : पर्वत? यांच्या नळाच्या वायसरच्या डब्यात मॉर्फिनच्या गोळ्या सापडल्या! मी हातात देते, हे गालात धरतात आणि माझी पाठ वळली की डब्यात. मग रात्रभर कण्हणं. मला वाटलं, औषधच लागू पडत नाही. रडले हो मी.

नर्स : काका, कॅन्सर हाडात गेलाय. गोळीशिवाय कसं सोसलंत?

काका : दुखणं परवडलं. ते दुसरं नको.

नर्स : दुसरं कोणतं?

काका : जाऊ द्या. तुम्ही माझ्या मुलीच्या वयाच्या.

नर्स : संडासला होत नाही, एवढंच ना?

काका : एवढंच म्हणे! आत बसून घाम फुटतो. जन्मभर लोकांचे तुंबलेले पाइप मोकळे केले, आणि माझीच ही गत.

काकू : अहो, मग बोलायचं नाही? मी रोज इसबगोल देत होते की!

काका : त्यानं आणखी गच्च झालं.

नर्स : होणारच. या गोळीनं आतडं सुस्तावतं, पुढे ढकलतच नाही. मग पाणी शोषलं जातं आणि आत खडा होतो. त्यावर इसबगोल म्हणजे तुंबलेल्या मोरीत भुसा. जुलाबाची दोन औषधं दिली होती ना?

काकू : पोट मोकळं झालं तशी मीच बंद केली. सवय लागू नये म्हणून.

नर्स : तिथेच चुकलं, काकू. दुखण्याची गोळी आहे तोवर तीही रोज घ्यायची, पोट साफ असलं तरी. बाकीचे त्रास अंगवळणी पडतात, हा पडत नाही. त्यातली गोळी आतड्याला कामाला लावते, पातळ औषध पाणी ओढून मऊ करतं.

काका : म्हणजे एकानं ढकलायचं, दुसऱ्यानं पाणी सोडायचं.

नर्स : अगदी! उलटी, पोट फुगणं?

काका : नाही.

नर्स : आधी पोट तपासू द्या. अडकलेलं मोकळं करू. मॉर्फिन पुन्हा किती डोसपासून सुरू करायचं, ते डॉक्टरांना विचारते.

काका : तपासा. आता लाज कसली उरली!

(काही दिवसांनी, सकाळी. संडासाचं दार लोटलेलं.)

काकू : अहो, कडी लावू नका हं. बरे आहात ना?

काका : बाई गं, दारात पहारा देऊ नकोस!

काकू : नाही बोलत. बसा निवांत.

काका : …ऐकलंस?

काकू : ऐकलं. पाणी सोडलंत.

काका : चल, आण आता गोळ्या. दुखण्याची, जुलाबाची, दोन्ही आण. डब्यात आता नुसते वायसर आहेत, बघायला जाऊ नकोस.

काकू : काल झोप लागली तुम्हाला.

काका : हो गं, मस्त लागली. तू जागीच होतीस?

काकू : कण्हणं ऐकू येईना. घाबरून तुमच्या नाकाशी बोट धरलं.

काका : मग?

काकू : मग मीही झोपले.