कपाटातला आवाज

सुंदराबाई : बसायला नाय आले मी, डाक्टर. आवाज धरून ठेवायचं ते मशीन कुठं हाय, तेवढं दाखवा.

डॉक्टर : त्या यंत्राबद्दल तुम्हाला कोणी सांगितलं?

सुंदराबाई : तुमीच. मासिकात लिवलंत की. लालबागला माजी खानावळ हाय, गिरणीतली पोरं जेवतात. माजी लेक नलू त्यांना तुमचे लेख वाचून दाखवते. नव्या मागांवरच्या माणसाची झोप कशी उडते, ते मागं लिवलंत ना, ते पोरांनी दोनदा वाचून घेतलं. तुमचं नाव काढल्याबिगर पंगत उठत नव्हती.

डॉक्टर : आणि आता?

सुंदराबाई : परवा नलूनं नवा लेख वाचला. एक तोतरा पोरगा, त्याला आपण चंदू म्हणू. भाकरी थापत होते, हात तसाच ऱ्हायला माजा.

डॉक्टर : बाई, चंदू हे खरं नाव नाही. लेखात लिहिलंय तसा तो माहीमचा नाही, शिंप्याच्या दुकानातही नव्हता. असं लिहिताना पेशंटची ओळख लपवावी लागते.

सुंदराबाई : माहीम तुमचं. शिंपी तुमचा. पण चंदू कुठनं आणलात?

डॉक्टर : त्याच्याकडूनच. स्वतःचं नाव घेताना त्याची जीभ अडकायची. म्हणून परक्या माणसाला तो चंदू सांगून मोकळा व्हायचा. घरी कोणाला ठाऊक नाही म्हणाला होता, म्हणून तर मी ते नाव घेतलं. तुम्ही... उत्तमची आई का?

सुंदराबाई : छप्पनच्या जानेवारीत गोळीबार झाला, त्या दिवशी तो घरी आला नाय. इस्पितळाच्या दारात उभी ऱ्हाऊन मी विचारत होते, उत्तम सीताराम, उत्तम सीताराम. कारकून बोलला, ह्या नावाचा कोणी नाय. भायखळा, रे रोड, सगळं पायाखाली घातलं. दुसऱ्या दिवशी त्याच इस्पितळात सापडला, मुडदे ठेवतात तिथं. नाव लिवलेलं चंदू. रात्रभर जिवंत होता, डाक्टर. मी दारात, तो भिंतीपलीकडं.

डॉक्टर : हे मला माहीत नव्हतं.

सुंदराबाई : तो चंदू कसा झाला, ते मलाबी परवापर्यंत माहीत नव्हतं. दोन वर्सं त्या कारकुनाला शिव्या घातल्या मी. आणखी एक लिवलंत तुमी. चारचौघांबरोबर एका सुरात बोललं की तोतऱ्याची जीभ अडकत नाय. हे तुमी त्याला सांगितलंत?

डॉक्टर : सांगितलं. गणपतीच्या आरतीत म्हण, भजनात म्हण. मोर्च्यात तो आपल्या पायांनी गेला.

सुंदराबाई : माहिताय. संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, करून घसा बसवून यायचा. एकदापण अडकलो नाय, हे हातानंच दाखवायचा, हसत. त्याचा राग नाय माजा. त्या दिवशी मीच बोलले त्याला, जा.

डॉक्टर : मग राग कशाचा?

सुंदराबाई : माज्या लेकाचा आवाज दोन वर्सं तुमच्या कपाटात, आणि मला ते नलू वाचून सांगते, त्याचा.

डॉक्टर : तो गेल्याचं त्याचा एक मित्र मला सांगून गेला. पण इथे येतो हे त्यानं घरी लपवलं होतं. मी वेड्यांचा डॉक्टर ना. लोक गिरगावात येतात आणि माझी पायरी चुकवून पुढे जातात. म्हणून तर लिहायला लागलो. मन काय, यंत्रं आपल्या मनाचं काय करतात, ते निदान घरी बसून वाचतील. तुमच्या घरी कुठल्या तोंडानं येणार होतो मी?

सुंदराबाई : नाय आलात. आता मी आले. मला ऐकवा.

डॉक्टर : ते नाही जमायचं. दार लावून इथे जे बोललं जातं, ते कोणाला ऐकवत नाही मी. आईलासुद्धा नाही.

सुंदराबाई : अख्ख्या महाराष्ट्राला वाचायला दिलंत, आणि आईला ऐकायला नाय?

डॉक्टर : लेखांचं पुस्तक निघतंय. हा लेख शेवटी घातला होता. छापखान्यातून काढून घेतो, आजच.

सुंदराबाई : काढा नायतर ठेवा. पोरं बोलली, मावशी, डाक्टरनं आपल्या उत्तमला बरोबर ओळखला. मी नव्हता ओळखला, ते टोचतं मला. मशीन लावा.

डॉक्टर : त्यात तो तुमच्याबद्दल बोललाय. ऐकवणार नाही तुम्हाला.

सुंदराबाई : काय बोलला?

डॉक्टर : बाहेर अडकायचा त्याहून जास्त तो तुमच्यासमोर अडकायचा. त्याचा शब्द यायच्या आत तुम्ही वाक्य पुरं करायचात. आई मला बोलूच देत नाही, म्हणाला.

सुंदराबाई : लोक हसायचे त्याला. कोणी हसायच्या आत मी बोलून टाकायचे. मला काय ठाऊक, त्याला तेच लागत होतं.

डॉक्टर : म्हणून म्हणतो, नको. माणसाला वाईट बोललेलं विसरता येतं. यंत्राला नाही येत.

सुंदराबाई : ते तुमच्या पुस्तकात घाला. मला त्याचा आवाजच आठवत नाय, डाक्टर. सपनात येतो, तोंड हलतं, आवाज नाय. वाईट बोलू दे, शिव्या देऊ दे. पण बोलू दे.

डॉक्टर : बसा. खुर्ची नको, इथे या यंत्राजवळ. त्याच्या आधी माझा आवाज येईल, घाबरू नका.

(टेपची चक्रं फिरू लागतात.)

टेपवर डॉक्टर : पहिल्यापासून घेऊ. नाव सांग.

टेपवर उत्तम : चंदू सांगू का?

टेपवर डॉक्टर : खरं सांग. दार लावलंय. इथे कोणी हसणार नाही.

टेपवर उत्तम : मा... माझं नाव... उ... उ... उ...

डॉक्टर : इथे तो फार वेळ अडकतो, बाई. टेप पुढे नेऊ का?

सुंदराबाई : नको. सांगू दे त्याला. मी थांबते.