झांजा खाली घे

कानाच्या दवाखान्यात माणसं ओरडूनच बोलतात, त्यामुळे चोरून ऐकावं लागत नाही. मागच्या बाकावर एक रॉकवाला गिटारिस्ट आणि त्याची थोरली बहीण बसली होती. त्याची तपासणी नुकतीच झाली होती. आता डॉक्टर आत कधी बोलावतात, याची दोघं वाट बघत होती.

“वरच्या पट्टीतले बारीक आवाज ऐकूच येत नाहीत म्हणे मला.”

“पाय हलवणं थांबव आधी, बाक हलतोय. तुझ्या गाण्यानं मांजर घर सोडून गेलं, तेव्हाच म्हटलं होतं, कान दाखव.”

“ताई, थट्टा नको. ड्रमच्या झांजांवरून मी रेकॉर्ड कंपनीचा करार फाडला. ते म्हणायचे, कानात घुसतात, आवाज खाली घे. मी त्यांना भित्रे म्हटलं.”

“आणि अल्बम घरीच केलास.”

“लोकांनी डोक्यावर घेतला. काय धार आहे म्हणे, कोणाकडून शिकलास? मी चार परदेशी बँडची नावं ठोकून दिली.”

“बाबांच्या पत्र्याच्या कारखान्याचं नाव का नाही घेतलंस? शाळा बुडवून तिथेच तर पत्रे बडवत बसायचास.”

“ताल तिथेच शिकलो. कानही तिथेच गेले असणार.”

“कानाला मशीन लाव म्हणतील.”

“लावलं आणि माझीच गाणी मला सोसवली नाहीत तर? ती धार माझी नव्हतीच, बहिऱ्या कानाची होती, असं निघालं तर?”

“मी दहा वर्षं कानात कापूस घालून तुझ्यासमोर पहिल्या रांगेत बसतेय. ऐकवत नव्हतं, तरी उठले नाही. तूही एकदा बसून बघ.”