सुमनबाईंनी मला बाहेर बसवलं

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. बाईंच्या घरच्यांनी मला बोलायला सांगितलं. मी नकोच म्हणत होते. सकाळपासून मन थाऱ्यावर नाही. काही मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

मी मंगल. माहेर इथलंच, राहू गावचं. आता कुरकुंभला कंपनीत पॅकिंगला आहे. सुमनबाई शाळेत आमच्या खेळाच्या शिक्षिका. त्यांनी आम्हा पोरींना कबड्डी शिकवली. चढाईला मी असायचे.

दहावीत असताना शिरूरला आमची सेमीफायनल होती. आदल्या दिवशी सरावात माझा गुडघा मुरगळला, टम्म सुजला. मी तो ओढणीनं आवळून बांधला आन् कुणाला बोलले नाही. मॅचच्या सकाळी बाईंनी माझ्या चालण्यावरूनच ओळखलं. म्हणाल्या, "आज तू बसायचं."

मी म्हणाले, "बाई, एकच मॅच हाय. उद्यापासून बसते."

बाई म्हणाल्या, "मी खेळायचे तवा मीबी असंच म्हणायचे. आता मला चटईवर बसता येत न्हाई, बसलं तर उठता येत न्हाई. तुला चाळिशीतबी शेतात वाकता आलं पाहिजे. मेडल ऱ्हाऊ दे."

मी रडले. पाया पडले. बाई हलल्या नाहीत. आम्ही दोन गुणांनी हरलो. गाव बाईंना काय काय बोललं, ते इथं बसलेल्यांना माहीत आहे. आन् सगळ्यात जास्त कोण बोललं? मी. मग मी बाईंशी बोलणंच सोडलं. रस्त्यात दिसल्या की पलीकडून जायचे. त्या मात्र थांबायच्या, माझ्या पायाकडं बघायच्या, आन् पुढं जायच्या.

मंडळी, आज मी एक्केचाळीस वर्षांची आहे. आठ तास उभं राहून काम करते. सुट्टीला शेतात खुरपते. गुडघा दुखत नाही. हे बाईंना सांगायचं होतं. त्या आजारी आहेत, हे दोन महिन्यांपूर्वी कळलं. या रविवारी जाऊ, पुढच्या रविवारी जाऊ, असं करत राहिले. शिफ्ट आडवी येते म्हणायचे. कसली शिफ्ट? मला लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

अजून एक सांगते. ते सांगितल्याशिवाय मला खाली बसवणार नाही.

माझी मुलगी प्रणाली पळते. परवा तिची निवड चाचणी आहे. आठवडाभर तिची नडगी दुखतेय. पाय टेकवला की कळ येते. चार दिवसांपूर्वी मी तिला दुखण्याची गोळी दिली. म्हटलं, "एवढी चाचणी काढ, मग आराम कर." गोळी देऊन मी कामावर गेले, आन् तिथं फोन आला, बाई गेल्या. सांगा, कुठल्या तोंडानं रडायचं मी?

काल तिला डॉक्टरांकडं नेलं. हाडाला बारीक चीर आहे. पळाली असती तर हाड मोडलं असतं, म्हणाले. तिथूनच मी तिच्या सरांना फोन केला आन् नाव काढायला सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. तिकडं शेवटच्या रांगेत बसलीय, मान फिरवून. नको बोलूस बाळा. माझ्यासारखी पंचवीस वर्षं नाही बोललीस तरी चालेल.

बाई, तुमच्याकडं यायला मला फार उशीर झाला. हा नमस्कार तेवढा घ्या.

आता आपण दोन मिनिटं शांत उभं राहू. ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांनी बसूनच राहा. बाईंनी तेच सांगितलं असतं.