सातव्या प्रश्नाचे सर

—नाही नाही, बस. उभ्याने नको. हे केळ्याचं दूध घे. अगं घे, लाच नाही — म्हणजे मघाशी विकत घेतलं तेव्हा लाचच होती, खोटं कशाला बोलू? म्हटलं पोरीला गोडीगुलाबीनं समजावू, हरकत मागे घ्यायला लावू. आणि तू तर हरकत मागे घ्यायचा अर्ज लिहूनच आणलास! ये-वॉन, मला इतका आनंद झाला म्हणून सांगू — आणि लगेच लाजही वाटली. पन्नाशीचा घोडा, जोन्जूच्या या मुलींच्या शाळेत बावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवतोय, आणि सतरा वर्षांची पोर हरली म्हणून मनात टाळ्या पिटतोय!

परीक्षेतला सातवा प्रश्न. अमोनिया की नायट्रोजन ट्रायफ्लुओराइड — जास्त ध्रुवीय रेणू कोणता? मी काय शिकवलं? विद्युतऋणता म्हणजे अणूची इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढायची ताकद. दोन्ही अणूंचे आकडे घ्या, वजा करा, फरक मोठा तो बंध जास्त ध्रुवीय. नायट्रोजन तीन, हायड्रोजन दोन पूर्णांक एक — फरक शून्य पूर्णांक नऊ. फ्लोरिन चार — फरक एक. झालं, फ्लोरिनवाला जिंकला! मला 'वजाबाकी मेंग' म्हणता ना तुम्ही? माहितीय, बाकावर कोरलंय कुणीतरी, अक्षर सुरेख आहे. आणि बंधापुरतं ते खरंही आहे गं. पण मी विचारलं रेणूबद्दल, अन् रेणूला आकार असतो. नायट्रोजनच्या डोक्यावर इलेक्ट्रॉनांची एक सुटी जोडी असते — अमोनियात सगळी ओढ तिच्याच बाजूला. दुसऱ्यात तीन फ्लोरिन खाली ओढतात, ही वर, आणि ओढाताणीत हाती काय उरतं? जवळजवळ काहीच नाही. म्हणजे जास्त ध्रुवीय अमोनियाच. एकशे ब्याऐंशी मुलींनी माझं ऐकलं नि गुण मिळवले. तू एकटीनं डोकं चालवलंस नि पहिली श्रेणी घालवलीस.

मागे का घेतेस — नको सांगू, दिसतं मला. मंगळवारपासून जेवणघरात तुझ्या आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या. मुलींचं तरी काय चुकलं? उत्तर बदललं तर त्यांचे गुण जाणार, श्रेण्या खालीवर होणार, विद्यापीठाचे प्रवेश त्यावरच. पण राग कुणावर यायला हवा? माझ्यावर. आणि मी काय करत होतो? त्याच जेवणघरात तुझ्याकडे पाठ करून मुळ्याचं सूप भुरकत होतो. दोनदा मागून घेतलं.

मला चूक कळली कधी? तुझी हरकत आल्यावर — परीक्षा समितीला मी असंच सांगितलंय. पण खरं म्हणजे — जाऊ दे — खरं म्हणजे पेपर छापायच्या आधीच. ते नवे शिम सर आहेत ना, त्यांनी हळूच विचारलं, "मेंग सर, सातवा एकदा बघता का?" मी म्हटलं, "तुम्ही पाळण्यात होता तेव्हापासून शिकवतोय मी हे." बिचारे कमरेत वाकून माफी मागून गेले. ते गेल्यावर मी पुस्तक उघडलं. उघडलं गं! त्यांचंच बरोबर होतं. पण कालच्या पोरासमोर खोडून बदलायचं म्हणजे — आणि मी पेपर छापायला दिला.

हे तुला कशाला सांगितलं मी? एक दूध पाजून गप्प करायचं होतं, तर आपणच बडबडत सुटलो. — आण तो अर्ज. सही? नाही करत. हे बघ, फाडला. हरकतींची मुदत आज पाचपर्यंत आहे, तुझी हरकत उभी राहील. तिच्याखाली मी लिहितोय — चूक शिम सरांनी आधीच दाखवली होती, मेंगनी ऐकली नाही. उद्या सगळ्या वर्गांत जाऊन स्वतःच्या तोंडानं सांगेन. शिव्या मला घालू देत, पाठ रुंद आहे माझी.

चुकलो मी, ये-वॉन. तुझं उत्तर बरोबर होतं.

अशी बघू नकोस. रडू तर अजिबात नकोस, मला ते जमत नाही. ते दूध घेऊन जा. आणि जाताना शिम सरांना आत पाठव — नाही, थांब, पाठवू नकोस. मीच जातो त्यांच्याकडे. तू जा.